पीठ विसावतंय

काल संध्याकाळी सात वाजून वीस मिनिटांनी आप्पांनी पाव मागितला.

वेळ मी भिंतीवरच्या घड्याळात पाहिली. दिनदर्शिकेत सूर्यास्त सात तेराचा होता, म्हणजे दिवस मावळून सात मिनिटं झाली होती. पाऊस थांबला होता आणि खिडकीच्या गजांवरून थेंब सावकाश सरकत होते. आप्पा त्यांच्या खुर्चीत बसून ते थेंब बघत होते. मध्येच माझ्याकडे वळून म्हणाले, "पाव हाय का रं घरात? दे की जरा."

पाव होता. सकाळी घरीच केलेला, निम्मा उरलेला, फडक्यात गुंडाळून ठेवलेला. मी म्हटलं, "आप्पा, दिवस मावळलाय. आता उद्या."

"मावळला व्हय? मग ऱ्हाऊ दे," असं म्हणून ते पुन्हा थेंबांकडे वळले.

आप्पा माझे वडील. वय एक्याऐंशी. या एक्याऐंशी वर्षांत त्यांनी पावाचा एक घासही खाल्लेला नाही. चुकून राहिलेलं नाही ते, नियम म्हणून राहिलेलं आहे. गेल्या हिवाळ्यापासून त्यांच्या डोक्यातून एकेक गोष्ट निघून चालली आहे. आधी भाच्यांची नावं गेली, मग गावातल्या विहिरींची. दिवस मावळल्यावर खायचं नाही, हे मात्र अजून अंगात आहे, जसं चप्पल दाराबाहेर काढणं अंगात आहे. पाव खायचा नाही, हे निघून गेलं. मावळतीमुळे मला एक रात्र मिळाली. सकाळी ते पुन्हा मागणार होते, आणि तेव्हा सूर्य वर असणार होता.

चातुर्मास बसून चार दिवस झाले आहेत. माझ्यासाठी या महिन्यांना दोन वर्षांपासून एकच वास आहे. ओल्या भिंती, वाळत न आलेले कपडे आणि त्या सगळ्यावर हळूहळू चढत जाणारा पाव भाजल्याचा वास. आषाढात ढग खाली उतरले की तो वास आधी आठवतो आणि मग स्वयंपाकघरात जाऊन मी यंत्राचं बटण दाबतो.

ते यंत्र दोन वर्षांपूर्वी साताऱ्याहून आलं. माझा मेहुणा श्रीकांत तिथला फ्लॅट सोडून मुलीकडे राहायला निघाला होता. सामान आवरायला मदत म्हणून मी आणि सुनंदा, म्हणजे माझी बायको, ज्येष्ठात दोन दिवस तिच्या माहेरी गेलो होतो. माळ्यावरच्या एका खोक्यात ब्रेड मशीन निघालं. कुणीतरी कधीतरी भेट दिलेलं. वरची चिकटपट्टीसुद्धा काढलेली नव्हती.

"दाजी, हे तुम्ही घेऊन जावा," श्रीकांत म्हणाला. "ह्यात सगळं वजन करून घालायचं असतं. आमच्या घरात मीठसुद्धा कुणी मोजत नाही."

"यांना मोजायला आणखी एक वस्तू दे तू," सुनंदा म्हणाली. "घरी पाऊस मोजायचं भांडं आहे, वजनाचा काटा आहे, आप्पांच्या औषधाचा तक्ता आहे. एवढंच राहिलं होतं."

मी पाटबंधाऱ्याच्या कचेरीत आहे. पावसाचे मिलिमीटर आणि नदीचे फूट लिहिणं हे माझं काम. सांगलीत पाऊस तसा बेताचा. साताऱ्याकडे डोंगरात जो पडतो तो आम्हाला नदीतून कळतो. तिकडचा आवाज इकडे पाणी होऊन येतो, दोन दिवस उशिरा, गढूळ आणि शांत. परत येताना गाडीच्या मागच्या सीटवर ते खोकं होतं, काचेवर पाऊस होता आणि रस्त्याला लागून उसाची हिरवी भिंत पळत होती. साताऱ्याचं पाणी सांगलीला येतं तसंच हेही चाललंय, असं उगाच वाटत होतं.

घरी खोकं उघडलं तेव्हा आप्पा उठून जवळ आले. यंत्राला झाकण, झाकणाला काचेची छोटी खिडकी, आत एक भांडं, भांड्याच्या तळाशी बोटाएवढं पातं.

"काय करतंय हे?"

"पाव करतंय, आप्पा. पीठ, पाणी, मीठ घालायचं. मळतंय तेच, भाजतंय पण तेच."

आप्पांनी वाकून काचेतून आत पाहिलं. मग म्हणाले, "घरात? पाव?"

आणि मग त्यांनी ते सांगितलं, जे मी तोवर कधी ऐकलं नव्हतं.

आमचं गाव सांगलीपासून अकरा किलोमीटरवर, नदीच्या काठानं. आप्पा नऊ वर्षांचे असताना त्यांच्या वडिलांबरोबर, म्हणजे दादांबरोबर, गुळाची गाडी घेऊन सांगलीच्या पेठेत आले होते. उजाडता उजाडता गाडी एका बोळातून चालली होती. बैल पुढे चालत होते, आप्पा गुळाच्या रव्यांवर, म्हणजे ढेपांवर, घोंगडं पांघरून बसले होते. एका अर्ध्या उघड्या दारातून वास आला. "गुऱ्हाळाच्या चुलवाणाचा असतोय न्हवं, तसा," आप्पा म्हणाले, "पर गोड न्हाई. मक्याचं कणीस भाजल्यावानी, पर त्येबी न्हाई. मी आमच्या दादांना इचारलं, ह्यो कशाचा वास? दादा म्हनले, पाव हाय, आपण खात न्हाई. अन् बैलांना हाकललं. गाडी फुडं गेली, पर वास मागनं लय लांबवर आला."

"मग?"

"मग काय न्हाई. अजून येतोय की कवा कवा."

आम्ही जैन. आप्पांनी विसाव्या वर्षी गावच्या बस्तीत, आमच्याकडे जैन मंदिराला बस्ती म्हणतात, महाराजांसमोर नियम घेतले. रात्री खायचं नाही. घराबाहेरचं शिजलेलं खायचं नाही. आंबवून, जीव वाढवून केलेलं खायचं नाही. म्हणून इडली नाही, जिलेबी नाही. आणि पिठाची मर्यादा पाळायची. दळलेलं पीठ किती दिवस चालतं त्याला आमच्याकडे मर्यादा म्हणतात. हिवाळ्यात सात दिवस, उन्हाळ्यात पाच आणि पावसाळ्यात तीन. चौथ्या दिवशी ते पीठ त्यांच्या ताटात येत नाही. मी त्यांच्याइतका कडक नाही. कचेरीच्या कँटीनमध्ये मी पाव खातो, आणि तसं मी घरी सांगितलेलं आहे.

आप्पांना वाटायचं, पाव चालत नाही तो बाहेरचा आणि शिळा म्हणून. तो भज्यांसारखा सोड्यानं फुगतो अशी त्यांची पक्की समजूत होती. त्यामुळे यंत्र पाहिल्यावर त्यांनी सरळ प्रश्न विचारले. पीठ आपल्या समोर दळलेलं असेल का? असेल. दिवस उगवल्यावर घालून मावळायच्या आत खाता येईल का? यंत्राला तीन तास वीस मिनिटं लागतात. सहा पाचला उगवतो, सव्वासहाला घातलं तर नऊ पस्तीसला तयार. "मग काय अडचण हाय रं?" आप्पा म्हणाले. तेव्हा त्यांचा चेहरा असा झाला होता की मी पुस्तिकेचं पान उलटलं आणि गप्प राहिलो.

अडचण यीस्टची होती. मला ती पहिल्या दिवसापासून माहीत होती. पाकिटावर स्पष्ट लिहिलेलं होतं. बारीक, बदामी रंगाची, राजगिऱ्याएवढी कणी. ती जिवंत असते, सुकवून झोपवलेली. ओल आणि ऊब मिळाली की जागी होते, खाते, वाढते, आणि म्हणून पीठ फुगतं. आप्पांनी चिमटीत धरून विचारलं होतं, "ही वाळू कसली?" मी म्हटलं, "फुगायची पूड आहे." वाक्यात खोटं काही नव्हतं. पण पावसाचा आकडा लिहिताना मी असं केलं असतं तर मला झोप आली नसती.

पहिला पाव आम्ही आमच्या खपलीचा केला. आता लिहिताना हसू येतं. खपली म्हणजे आमच्याकडचा जुना तांबूस गहू, खिरीचा, आप्पांनी जन्मभर पेरलेला. यंत्राच्या पुस्तिकेत कुठल्या गव्हाला काय, हे काही नव्हतं. आप्पा म्हणाले, "घरात पाव व्हणार तर आपल्या खपलीचा व्हऊ दे, दुसऱ्याचा गहू कशाला?" मलाही ते पटलं. खपलीचं पीठ चिकट होतं पण ताणत नाही, हे आमच्या भागातल्या कुठल्याही बाईनं चपाती लाटताना सांगितलं असतं. सुनंदानं सांगितलंही होतं. आम्ही दोघांनी ऐकलं नाही. झाकण उघडलं तेव्हा भांड्याच्या तळाशी सहा सेंटिमीटर उंचीचा, मधे खचलेला काळपट ठोकळा होता.

सुनंदानं तो हातात घेऊन तोलला. "मागच्या दाराला अडसर नाही, तिथं लावा."

"पाव म्हंजे चौथाई न्हवं?" आप्पा म्हणाले. "ह्यो पाव बी झाला न्हाई. छटाक झाला."

पण त्यांनी त्यातला तुकडा खाल्ला नाही. दुसरा केला तोही नाही. दुसरा पाव वर झाकणाला जाऊन चिकटला होता, कारण पाणी जास्त झालं. "पयला घास चांगला पायजे," ते म्हणाले. "सत्तर वरसं थांबलोय. आट दिस काय."

मी वही केली. पीठ चारशे ग्रॅम, मीठ सात, गूळ दहा, तेल पंधरा, यीस्ट चार. पाणी ज्येष्ठात दोनशे ऐंशी लागलं होतं, आषाढात तेवढंच घातलं तर गोळा सैल पडायचा. कमी करत करत दोनशे पासष्टवर आलो. पीठ तेच, काटा तोच, मग हे पंधरा ग्रॅम पाणी येतं कुठून? ते हवेत असतं. पावसाळ्यात पीठ आधीच थोडं प्यालेलं असतं. हे लक्षात आलं त्या सकाळी मी वही मांडीवर घेऊन बराच वेळ बसून होतो. पावसाळ्यात तीन दिवस, उन्हाळ्यात पाच. ज्यांनी कुणी ही मर्यादा घातली त्यांच्याकडे काटा नव्हता. त्यांनी पिठात हात घातला असेल आणि बोटांना ते ओलसर गार लागलं असेल. त्यांचा तीनचा आकडा आणि माझा पंधराचा, दोन्ही त्या एकाच ओलीचे.

त्या दिवसांत घर कसं होतं ते आता पुरतं सांगता येणार नाही. सकाळी खिडकीबाहेर उजेड यायचा तो दुधात पाणी घातल्यासारखा. गिरणीतून आणलेलं पीठ डब्यात अजून कोमट असायचं. डब्यावर कागद चिकटवून मी दळल्याची तारीख लिहायचो. यंत्र सुरू झालं की आधी धडधड, मग पातं पिठात रुतलं की घोगरा, गोल फिरणारा आवाज, लांबून ट्रॅक्टर शेतात चालल्यासारखा. आप्पा खुर्ची ओढून काचेच्या खिडकीपाशी बसायचे. पंचवीस मिनिटांनी आवाज थांबायचा. मग पावसाचा आवाज पुन्हा ऐकू यायचा, जणू तो इतका वेळ बाहेर ताटकळत उभा होता. चाळीस मिनिटं काहीच व्हायचं नाही. आकडे तेवढे एकेक कमी होत जायचे. मला त्या चाळीस मिनिटांची सवय लागली. घरात कुणाचं काही चाललेलं नाही, आणि तरी काहीतरी होतंय, असा तो वेळ.

तिसऱ्या रविवारी सगळं जुळून आलं. खपली बाजूला ठेवून चपातीचाच गहू घेतला होता, आदल्या दिवशी दळलेला. मळून झालेला गोळा काचेतून गुळगुळीत दिसत होता. आवाज थांबला. आप्पा आत बघत होते.

"थांबलं का रं हे?"

"थांबलं नाही. पीठ विसावतंय, आप्पा."

पुस्तिकेत त्या वेळेला तसलाच शब्द होता, मी तो आपल्या शब्दांत सांगितला. आप्पांनी काचेवरची वाफ बोटानं पुसली.

"इसावतंय?" ते म्हणाले. "इसावा कुणाला लागतोय रं? बैल इसावतो. माणूस इसावतो. दगूड इसावत न्हाई." मग माझ्याकडे न बघता, "जीव हाय व्हय ह्यात?"

घड्याळात सहा वाजून अठ्ठेचाळीस मिनिटं झाली होती. सुनंदा ओट्यापाशी होती, तिचा हात थांबला.

"व्हय," मी म्हटलं.

"पिठात?"

"पिठात नाही. त्या पुडीत."

"किती?"

"मोजता येणार नाहीत, आप्पा."

"तुला बी?"

"मला बी."

यावर त्यांना हसू आलं. अगदी मोकळं, खांदे हलवून हसले. मग हसू ओसरलं आणि ते म्हणाले, "तुला आधीपास्नं ठावं हुतं."

"होतं."

"मग गप का ऱ्हायलास?"

"तुम्हाला खायचा होता म्हणून."

"खायचा तर हुताच," आप्पा म्हणाले. "अजून बी हाय. पर मला ह्यातलं काय कळतंय? तू मोजणारा. तूच मोजायचं सोडलंस तर मी कुणाला इचारू?"

ते रागावलेले नव्हते. ते रागावले असते तर बरं झालं असतं. मी यंत्राची वायर काढायला हात पुढे केला तर त्यांनी मनगट धरलं. "आता कशाला? झालं ते झालं. तुमाला खायाचा तर खावा, तुमचं तुमी बघा. मी हितं बसतो. वासाला काय नियम न्हाई."

शेवटची पंचावन्न मिनिटं भाजण्याची. वास आधी आला तो ओल्या मातीच्या चुलीसारखा, मग गरम दुधासारखा, आणि मग एकदम तो बोळातला. मला तो बोळ माहीत नाही, पण आप्पांच्या चेहऱ्यावरून कळलं की गाडी तिथवर आली. त्यांनी डोळे मिटले होते. हात गुडघ्यांवर होते, कासरा धरल्यासारखे. त्या बोळातून, सत्तर वर्षांवरून तो वास आमच्या स्वयंपाकघरात आला आणि त्यांच्यापाशी थांबला. या वेळी कुणी बैल हाकलले नाहीत.

पाव बाहेर काढला. उंची तेरा सेंटिमीटर. आप्पांनी तो फडक्यातून मांडीवर घेतला, वर तळवा ठेवला, वाजवून पाहिला. "पोकळ वाजतोय. चांगला झालाय," म्हणाले आणि परत दिला.

त्या दिवशी सुनंदाला सुचलं. दुपारी ती म्हणाली, "आप्पांना वाटत होतं पाव सोड्यानं फुगतो. मग सोड्यानं फुगवू की एक. यंत्राला केकची कळ आहे, ती कशाला ठेवलीय?" पुढच्या रविवारी तिनं गव्हाचं पीठ, गूळ, खायचा सोडा आणि ताज्या लिंबाचा रस असं घालून ती कळ दाबली. दीड तास लागला. न विसावणारा पाव. जड, भुसभुशीत, दुधात घातला की विरघळणारा. आप्पांना मी आधीच सांगितलं, "हा खरा पाव नाही, आप्पा. यात जीव नाही."

"मग ह्यो आपला," आप्पा म्हणाले.

तेव्हापासून वेळ ठरली. सव्वासहाला लिंबाचा, पावणेआठला तयार. अर्धा तास झाकण उघडं ठेवून यंत्र गार करायचं. सव्वाआठला खरा. तो भाजू लागतो दहा चाळीसला, आणि आप्पा जेवायला बसतात अकराला. ही वेळ मी मुद्दाम अशी लावली. अकरा वाजता घरभर त्या बोळातला वास असायचा आणि आप्पांच्या वाटीत दुधात भिजलेला लिंबाचा पाव. घास याचा, वास त्याचा. तो सबंध चातुर्मास ते असे जेवले. मी कचेरीत असलो तर अकराला घड्याळाकडे बघायचो आणि नदीचे फूट लिहिता लिहिता मला तो वास यायचा. त्या वर्षी नदी पात्रातच राहिली. मला त्या पावसाळ्यातलं बाकी फार काही आठवत नाही, आणि मी सहसा विसरत नाही.

हे सगळं आप्पांच्या डोक्यातून गेलं. बोळ गेला की नाही, ठाऊक नाही. कालचं "दे की जरा" तिथूनच आलं असेल.

काल ते झोपल्यावर सुनंदा म्हणाली, "द्या की एक घास. एवढी वर्षं जीव अडकलाय त्यांचा. आता त्यांना कुठं आठवतंय?"

"मला आठवतंय."

"तेच तर," ती म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, "मला वाईट वाटतं हो."

मलाही वाटतं. नियम ज्यानं घेतला त्याचा असतो. पण ज्यानं घेतला तो माणूस आता खुर्चीत पूर्ण बसलेला नसतो, पाऊण असतो, कधी अर्धा. उरलेला कुठे आहे? माझ्याजवळ असावा, निदान काही भाग. मग त्याच्या वतीनं मी नाही म्हणायचं की समोर बसलेल्या म्हाताऱ्याला हो म्हणायचं? एका घासानं काय होतं, हा प्रश्न मी लावून पाहिला. पण एक मिलिमीटरनं काय होतं, असं म्हणून मी कधी आकडा बदललेला नाही. तरी या वेळी बदलावासा वाटत होता. आप्पांच्या तोंडाकडे बघून कुणालाही वाटेल.

आज सकाळी मी क्रम उलटा केला. सव्वासहाला आधी खरा पाव लावला. निर्णय झालेला नव्हता, म्हणून द्यायचा झालाच तर तो आधी तयार असावा. पीठ परवाचं, म्हणजे आज तिसरा दिवस. पाणी दोनशे पासष्ट. बाहेर बारीक पाऊस, उजेड दुधात पाणी घातल्यासारखा. आप्पा आंघोळ करून, जप आटपून आले आणि खुर्ची ओढून काचेपाशी बसले. ती जागा त्यांना कुणी सांगितली नव्हती. सहा चाळीसला आवाज थांबला आणि पावसाचा ऐकू यायला लागला.

"पाव हाय न्हवं ह्यात?" आप्पा म्हणाले. "झाला की मला दे."

सुनंदा दारात उभी होती. मी ठरवलं होतं ते एवढंच की या वेळी गप्प राहायचं नाही. मी त्यांच्यासमोर पाटावर बसलो.

"देतो, आप्पा. पण आधी एक सांगतो. ह्यात जीव असतो. तुमचा नियम आहे. दोन वर्षांमागं तुम्ही इथंच बसून नको म्हणाला होता."

"मी?"

"तुम्हीच."

त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं, ओळखीचा माणूस आहे पण नाव आठवत नाही अशा नजरेनं. मग बहुधा नाव आठवलं.

"मी तवा शुद्धीत हुतो का?"

"पुरते होता."

"आन् तू मोजून सांगतोयस?"

"मोजून सांगतोय."

ते काचेकडे वळले. आत गोळा हळूहळू भांड्याच्या कडेला टेकत होता. बराच वेळ गेला. मी घड्याळ पाहिलं नाही, त्यामुळे किती ते सांगता येत नाही.

"तवा शुद्धीत हुतो तर त्येचंच खरं," आप्पा म्हणाले. "आज माझं काय खरं न्हाई बाबा."

उद्या ते पुन्हा मागतील. परवाही मागतील. दर वेळी मला पाटावर बसून हे पहिल्यापासून सांगावं लागेल, आणि दर वेळी त्यांनी असंच म्हणावं असा काही नियम नाही. एखाद्या दिवशी ते म्हणतील, असू दे रं, दे. तेव्हा काय करायचं ते मला अजून माहीत नाही. सांगितल्याशिवाय देणार नाही, एवढं माहीत आहे.

आप्पांनी काचेवरची वाफ बोटानं पुसली.

"थांबलं का रं हे?"

"थांबलं नाही, आप्पा. विसावतंय."

मी वाट पाहिली. बैल, माणूस, दगड यातलं काही आलं नाही. त्यांनी यंत्राच्या कोमट झाकणावर तळवा ठेवला आणि डोळे मिटले.

"इसावू दे मग," म्हणाले.

मी उठलो, टोपलीतून एक लिंबू घेतलं आणि कापायला बसलो.